गल्ल्यावरच्या मावशी : नासका नारळ आणि पॉइंटचं कार्ड

प्रश्न : मावशी, नमस्कार. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनंतर मीच बघतो. गेल्या वर्षी गावाबाहेर मोठं सुपरमार्केट झालं आणि महिन्याच्या याद्या निम्म्यावर आल्या. मी पॉइंटचं कार्ड काढलं. 100 रुपयांना 1 पॉइंट, 500 पॉइंट झाले की स्टीलचा डबा. दोन महिने लोकांनी हौसेने कार्डं घेतली, आता कुणी दाखवतही नाही. गिऱ्हाईक टिकवायला दुसरी कुठली योजना काढू?
– एक तरुण दुकानदार

उत्तर : अरे, आधी तुझ्या डब्याचा हिशोब करू. 500 पॉइंट म्हणजे 50,000 रुपयांची खरेदी. एका घराची महिन्याची यादी 4,000 धरली, तर डबा हातात पडायला वर्ष उलटून जातं. तोवर ते कार्ड फ्रिजवरच्या टोपलीत, औषधांच्या रिकाम्या पाकिटांखाली. माझ्या सुनेच्या टोपलीत असली सहा कार्डं आहेत.

भावात उतरायचा नाद तर सोडच. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 साली पवईत निघालं, तेव्हापासून त्यांची रीत एकच : कंपन्यांचे पैसे पटकन चुकते करायचे, त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा, आणि जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची ठेवायची. आपण घाऊकवाल्याकडून पंधरा दिवसांच्या उधारीवर पोतं उचलणारी माणसं. साखर तिथे दोन रुपयांनी स्वस्त मिळणारच. आणू दे लोकांना. फक्त तोंड वाकडं करू नकोस. "आज तिकडची पिशवी वाटतं?" असं विचारणारा एक दुकानदार आमच्या आळीत होता. पुढे त्याच्याकडे कुणी काडेपेटीलाही जाईना.

मी चिपळूणला 34 वर्षं गल्ल्यावर बसले, आता मुलगा बसतो. नवी होते तेव्हा एक बाई नासका नारळ परत घेऊन आल्या, दोन्ही भकलं वर्तमानपत्रात गुंडाळून. मी फटकन म्हटलं, "नारळाच्या आत शिरून बघायचं का आम्ही?" बोलले ते काही खोटं नव्हतं. त्या गप्प राहिल्या, पुडकं उचललं आणि गेल्या. पुढच्या महिन्याला त्यांची यादी समोरच्या दुकानात. एका नारळापायी वर्षाचं गिऱ्हाईक घालवलं, आणि तेही सकाळी भवानीच्या वेळी.

मग मी ठरवलं, नारळ नासका निघाला तर नुसतं सांगायचं, आणून दाखवायची गरज नाही. सासरे भडकले, "लोक फुकट नारळ नेतील!" नेलेच. एकाचे तर एका श्रावणात तीन नासके निघाले. (नारळ नासका निघाला तर देवाला पोचला म्हणतात, त्या माणसाचे बरेच पोचले.) महिन्याला पाच-सात नारळ बुडायचे, ते मी सुतळी-कागदाच्या खर्चात धरायचे. पण नारळाला आलेलं माणूस जाताना चणाडाळ, आमसुलं, गूळ घेऊन जायचं, आणि डाळीत एखादा किडा निघाला तर गावभर सांगण्याआधी मला येऊन सांगायचं. योजना म्हणशील तर माझी एवढीच.

दुसरी गोष्ट वहीची. आमच्याकडे गणपतीला चाकरमानी येतात. विरारहून, डोंबिवलीहून आठवडाभर आधी फोन यायचा, "वहिनी, नेहमीचं." त्या "नेहमीचं"मध्ये काय काय येतं ते वहीत असायचं : गणपती दीड दिवसाचा की पाच, मोदकांची पिठी किती, काजू तुकडा चालतो की अख्खाच लागतो. माणसं एसटीतून उतरायच्या आत सामान शेजाऱ्यांच्या ओटीवर पोचलेलं असायचं. मुंबईत त्यांना काय मिळत नव्हतं? पण पिशव्या वाहत आणण्यापेक्षा हे बरं, आणि विचारायला उरायचं काही नाही.

ती वही 22 जुलै 2021च्या पुरात गेली. 2005च्या पुराची खूण भिंतीवर होती, म्हणून माल आणि वह्या तिच्यावरच्या फळीवर ठेवलेल्या. पाणी फळीवरूनही गेलं. चौथ्या दिवशी चिखलातून वही काढली तर निळ्या शाईचा लगदा. पन्नासेक घरांची उधारी त्यात होती. मी कुणाकडे मागितली नाही, मागणार कशाच्या जोरावर? त्यांच्याही घरांत चिखल होता. पण महिना-दीड महिन्यात एकेक जण यायला लागलं. "माझे 1,140 होते, लिहून घ्या. देईन सवडीने." चार घरं आली नाहीत. एकाने 600 सांगितले, मला 900 आठवत होते. मी 600 लिहिले.

पुरात सगळ्यांनाच माणुसकी सुचते, असं तू म्हणशील. असेल. पण माझे इतके पॉइंट होते, असं सांगायला कुणी चिखल तुडवत आलं असतं, असं मला वाटत नाही.

तेव्हा नवी योजना काढू नकोस. ज्यांच्या याद्या बंद झाल्या त्यांची नावं काढ आणि शेवटच्या खेपेला त्यांचं आपल्याशी काय झालं ते आठव. वडिलांच्या वेळचा कामगार असेल तर त्याला विचार, त्याला नक्की माहीत असेल. जिथे आपलं चुकलं तिथे जाऊन तसं सांग, सोबत कॅलेंडर-बिलेंडर नेऊ नकोस. आणि उरलेली कार्डं फेकू नकोस. मागची बाजू कोरी असली तर एकेका कार्डावर एकेक घर लिही : पोहे जाड की पातळ, तांदूळ कोणता, गूळ पिवळा की काळा.