औषध मारायच्या आधी हिरवळ ओढून बघा

तुम्ही लिहिलंय की कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीतल्या बंगल्यासमोरच्या मेक्सिकन लॉनला ऑगस्टपासून तपकिरी चट्टे पडलेत, दुकानदाराच्या सांगण्यावरून बुरशीनाशक दोनदा मारलं, तरी चट्टे वाढतायत आणि रोज सकाळी साळुंक्यांचा थवा तिथंच उतरतो. साळुंक्यांचं वाचलं आणि म्हटलं, आता लिहायलाच पाहिजे. कळंब्याला आमच्या अंगणात चार वर्षांपूर्वी हेच झालं होतं.

पाणी, कापणी, ऊन हे तुम्ही बघितलं असणारच. मी कृषी पदवीधर नाही, फोटोवरून छातीठोकपणे सांगणार नाही, पण मला ही हुमणी वाटते, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी पांढरी अळी. साळुंक्या तीच टिपायला उतरतात.

माझी चूक सांगतो, कारण तुम्ही त्याच वाटेनं निघालाय. चट्टे दिसल्यावर मी माती तपासायला एका कार्यालयात दिली. अर्जात 'पीक' असा रकाना. मी म्हटलं, लॉन. तिथले म्हणाले, असं पीक आमच्या यादीत नाही, आणि त्यांनी 'ऊस' लिहिलं. अहवालात नत्र कमी आणि खाली उसाला द्यायचा युरियाचा डोस. प्रत्यक्ष येऊन बघा म्हणून तीनदा गेलो. दर वेळी "साहेब फिरतीवर आहेत." एकानंही विचारलं नाही की गवताची मुळं कशी आहेत. मी तो अहवाल खरा मानून युरिया टाकला. आधीच मुळं नसलेलं गवत त्या खतानं आणखी करपलं. वर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या तीन फवारण्या. सहा आठवडे असेच गेले. मुळं बघा एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर निम्मं लॉन वाचलं असतं. याचा राग मला अजून येतो.

गणपतीला मामासासरे आले. त्यांचा जन्म उसात गेलेला. चट्ट्याच्या कडेला बसले, मूठभर गवत धरून ओढलं, तर घोंगडी उचलावी तशी हिरवळ वर आली. खाली मुळं नाहीतच. भुसभुशीत मातीत अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या, डोकं तांबूस, शेपटाकडं आतली माती काळसर दिसत होती. म्हणाले, "पावणं, ही हुमणी हाय की. ऊस वाळाय लागला की आम्ही आधी उपटून बघतो."

तुम्हीही तेच करा. चट्ट्याच्या मधोमध नको, तिथं अळ्या खाऊन पुढं गेलेल्या असतात. जिथं हिरवं आणि तपकिरी मिळतं तिथं एक फूट लांब-रुंद तुकडा खुरप्यानं उचला आणि बोटभर खोल माती चाळा. पाचाच्या वर अळ्या निघाल्या तर मी उपाय सुरू करतो. हिरवळ घट्ट असेल, मुळं पांढरी असतील, पण पात्यांचा बुडखा कुजलेला असेल आणि पहाटे दवात कडेला कापसासारखे धागे दिसत असतील, तर मात्र ती बुरशी. मग संध्याकाळचं पाणी आणि युरिया दोन्ही बंद. (मध्ये जळकं आणि भोवती गर्द हिरवं कडं असेल तर कुत्र्याचं मूत्र. भरपूर पाणी ओता.)

हुमणी निघाली तर उचललेल्या भागातल्या अळ्या हातानं वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका. बाकीच्या जागेला मेटारायझियम हे अळ्या मारणारं जैविक औषध, संध्याकाळी, माती ओली करून, पाकिटावरच्या प्रमाणात. इथं माझी दुसरी चूक झाली. मेटारायझियम ही स्वतःच बुरशी आहे, बुरशीनाशकानं तीही मरते. मी ती कार्बेन्डाझिमनंतर चौथ्याच दिवशी टाकली, पैसे मातीत गेले. तुमच्याही दोन फवारण्या झाल्यात, म्हणून आता काही आठवडे थांबा, तोवर वेचणीच करा. सप्टेंबरात अळ्या मोठ्या असतात, त्यामुळं परिणाम सावकाश दिसेल. दाणेदार विष मी टाकत नाही, आमची नातवंडं तिथं लोळतात. तुमचं तुम्ही ठरवा.

मोकळी झालेली जागा वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत घालून भरा, त्यावर नवी रोपं दाबा. कच्चं शेणखत स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, त्यातून हुमणी घरात येते.

खरं काम मे-जूनमध्ये असतं. पहिला वळीव पडला की दिवस मावळताना हुमणीचे भुंगेरे, म्हणजे अळीचे मोठे होऊन झालेले किडे, जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली आम्ही जुनी चादर अंथरतो, काठीनं फांद्या झोडपतो आणि पडलेले भुंगेरे रॉकेलच्या बादलीत टाकतो. सलग आठ-दहा संध्याकाळी. शेजाऱ्यांनाही सांगा, एकट्यानं करून भागत नाही, पलीकडच्या झाडावरचे इकडंच अंडी घालायला येतात. हे सुरू केल्यापासून गेले दोन पावसाळे आमच्या लॉनला चट्टा नाही.

उद्या सकाळी एक तुकडा उचला आणि किती अळ्या निघाल्या तेवढं कळवा.