‘गाळ’ या शब्दाचा मूळ अर्थ काय? ‘गाळपेर’मधला गाळ तोच का?

गाळ म्हणजे नुसता चिखल की आणखी काही, आणि ‘गाळपेर’ या शब्दातला गाळ तोच का, असे आपण विचारले आहे. गाळ तोच आहे. परंतु गाळ म्हणजे चिखल नव्हे. चिखल पायाखालच्या मातीचाही होतो. गाळ मात्र पाण्याने दुसरीकडून वाहून आणलेला आणि पाण्याचा वेग मंदावल्यावर तळाशी बसलेला असतो.

या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘गल्’ या धातूत आहे. गळणे म्हणजे ठिबकणे, पाझरणे. त्याचे प्रयोजक रूप गाळणे. आणि गाळून जे मागे उरते तो गाळ. चहाची गाळणी, वैद्यांचे वस्त्रगाळ चूर्ण आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम ही सगळी याच कुळातली. नदीत फडके धरणारे कोणी नसते. तेथे संथ झालेले पाणीच आपल्या पोटातले ओझे खाली ठेवते.

आमचे गाव मांजरेच्या काठचे. पावसाळ्यात आजी नदीचे गढूळ पाणी घागरीत भरून त्यात तुरटी फिरवून ठेवी. सकाळी वरचे निवळ पाणी ओतून घेतले की तळाशी बोटभर गाळ राही. मी त्यात बोट घालून पाहत असे: वरचा थर लोण्यासारखा मऊ, तर अगदी बुडाशी वाळूची कचकच. जड कण आधी बसतात आणि बारीक कण सर्वांत शेवटी, हे मला त्या घागरीने शिकवले. तो गाळ आजी कधी फेकत नसे. परसातल्या दोडक्याच्या वेलाच्या बुडाशी ओतत असे.

नदीकाठी साचलेल्या अशा सुपीक मातीला ‘मळई’ असाही शब्द आहे आणि त्यात ‘मळ’ उघडच दिसतो. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ टाकाऊ वस्तूचा, पण शेतकऱ्याच्या तोंडी दोन्ही मोलाचे झाले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठच्या गंगाथडीतील जमिनीची प्रतिष्ठा या थरांमुळेच आहे.

धरणे झाल्यावर ‘गाळपेर’ हा शब्द आमच्याकडे विशेष रुळला. पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण 1976 मध्ये झाले. पाणी जसजसे ओसरते तसतसा जलाशयाचा तळ उघडा पडतो, आणि त्या ओलाव्यावर हरभरा, गहू, ज्वारी पेरतात. गाळावर केलेली पेर ती गाळपेर. अशा जमिनीलाही तेच नाव आहे.

शब्दाची दुसरी बाजूही जिवंत आहे. धंदा बुडालेला माणूस ‘गाळात गेला’ असे आपण म्हणतो, आणि धरणात गाळ साचला की साठवणक्षमता घटते. राज्य सरकारने 2017 मध्ये सुरू केलेल्या योजनेचे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ हे नावच पाहावे: एकच गाळ धरणाला नको आणि शिवाराला हवा. तरीही सगळाच गाळ शिवाराच्या कामाचा नसतो. आमच्याकडचे जाणते शेतकरी ट्रॅक्टर रिकामा करण्याआधी मूठभर गाळ ओला करून चिमटीत चोळून पाहतात, आणि वाळू जास्त लागली तर ती खेप बांधावरच थांबवतात.