वडील मारहाण करतात असं कथेतल्या मुलीने मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या बिशपला, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाला सांगितलं, तर तो पोलिसांना कळवेल का?

कथा अमेरिकेतल्या युटा राज्यातली असेल तर कळवणं त्याला कायद्याने बंधनकारकच आहे. सूट आहे ती फक्त छळ करणाऱ्याने स्वतः दिलेल्या कबुलीपुरती. इतर राज्यांत नियम वेगळे, म्हणून गाव आधी ठरवा. बिशपला पगारी पाद्री करू नका. तो आठवडाभर आपली नोकरी सांभाळतो, बहुधा शेजारचाच आणि वडिलांच्या ओळखीतला असतो. खरा पेच इथेच आहे. या पंथात पौरोहित्य, म्हणजे धर्मविधी करण्याचा अधिकार, वडिलांकडेही असतो: मुलगी आजारी पडली की तेच तिच्या टाळूला ऑलिव्ह तेलाचा थेंब लावून डोक्यावर हात ठेवतात. हा प्रसंग मारहाणीच्या आधी घ्या, नंतर घेतलात तर वडील नुसते ढोंगी वाटतील. आणि बिशपचा पहिला फोन चर्चच्या हेल्पलाइनला जाईल, जी अशा छळाच्या प्रकरणांत बिशपना सल्ला देते. ती १९९५पासून आहे, त्याआधीच्या कथेत नको.