पहिले वीजबिल वाचताना

ऐरोलीतील नव्या घरी आलेले महावितरणचे पहिले बिल पाहून आपण गोंधळलात, हे स्वाभाविक आहे. मात्र एकूण रकमेआधी चालू व मागील रीडिंग पाहून ते मीटरशी ताडावे, कारण बिल सरासरीने काढलेले असेल, तर पुढचा सगळा हिशेब अंदाजावर उभा असतो.

घरगुती दर महिन्याला ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० युनिट आणि त्यापुढे असा टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याला ३२० युनिट वापरल्यास तिसरा दर शेवटच्या २० युनिटांनाच लागतो, सगळ्यांना नव्हे (आमच्या सोसायटीत हा गैरसमज अजून टिकून आहे). वीज आकार (विजेची किंमत) व वहन आकार (ती घरापर्यंत पोहोचवण्याचा खर्च) युनिटांवर बसतात. स्थिर आकार मात्र घर बंद असले तरी भरावाच लागतो, आणि या आकारांवर १६ टक्के वीज शुल्क चढते.