देवाचा राग येतो, तरी त्याच्याकडेच जाऊ का?

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातील एका लहान वाडीत राहतो. ऐन आंब्याच्या हंगामात माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. नातेवाईक म्हणतात की, देवीचा नवस फेडायचा राहिला म्हणून हे झाले. त्यावर विधी करण्यासाठी एक भगत 40,000 रुपये मागतो आहे. संध्याकाळी मी दिवा लावते तेव्हा यजमान डाव्या हाताने उजवा हात उचलून हात जोडू पाहतात. ते पाहिले की मला देवाचा राग येतो. हे पाप आहे का? आणि त्याच्याकडे जायचे नाही, तर जायचे तरी कुठे?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

पापाची भीती आधी मनातून काढून टाका. आपल्याकडे देवापुढे तक्रार मांडण्याची रीतच आहे. देवळात गाऱ्हाणे घालताना गुरव किंवा मानकरी गावावरचे संकट, कोणाचे आजारपण, कोणाचे अडलेले काम असे सारे मोठ्याने, चारचौघांसमक्ष देवाला सांगतो, ते दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकतो, आणि जमलेली माणसे प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. त्यात आर्जव असते, तसा हक्कही असतो. देवघरासमोर मन दाबून स्तोत्र पुटपुटण्यापेक्षा, घरात कोणी नसेल तेव्हा, जे वाटते ते आपल्या मालवणीत स्पष्ट बोला. ‘माझ्याच घरावर का?’ हेही विचारा. त्याचे उत्तर मिळेल असे मी म्हणणार नाही. मलाही ते माहीत नाही. पण दिवसभर नवऱ्यासमोर, मुलांसमोर, आल्यागेल्यासमोर धीराचा चेहरा ठेवणाऱ्या बाईला तो चेहरा उतरवून ठेवता येईल अशी एक तरी जागा हवी, आणि माझ्या श्रद्धेप्रमाणे देवाचा आसरा मुख्यतः याचसाठी असतो.

नवसाचे म्हणाल, तर मे 2021 मधील तौक्ते वादळ आठवा. तेव्हा कलमांखाली आंब्यांचा सडा पडला, तो नवस फेडणाऱ्याच्या बागेतही पडला आणि न फेडणाऱ्याच्याही. त्या वेळी कोणी घरोघर चुकलेल्या नवसांची यादी केली नव्हती. अर्धांगवायू मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा ती वाहिनी फुटल्याने होतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब असतो. राहिलेला नवस तुम्हांला फेडावासा वाटत असेल, तर सवडीने, आनंदाने फेडा. दंड म्हणून नको. भगताला मात्र एक रुपयाही देऊ नका. संकटातल्या माणसाला देवाची भीती घालून पैसे उकळणे मला अत्यंत संतापजनक वाटते. तो धमकावू लागला, तर पोलिसांकडे जा. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे.

ते पैसे फिजिओथेरपीसाठी राखा, कारण झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते आणि हा काळ फुकट घालवण्यासारखा नसतो. रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकू देऊ नका.

देवाकडे मागायचे की नाही, असा संकोच तुमच्या पत्रात जाणवला. अवश्य मागा. हात बरा होऊ दे, वाचा परत येऊ दे, असे रोज मागा. मात्र हात किती उचलला गेला यावरून देव जवळ आहे की दूर, हे मोजू नका. तसे केले तर सुधारणा थांबलेल्या आठवड्यात तुमचा आधारही सुटेल, आणि नेमका तेव्हाच तो लागणार आहे. महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या शंकराच्या देवळी देवस्वाऱ्या, म्हणजे गावोगावच्या देवांच्या मिरवणुका, समुद्रस्नानाला येतात तेव्हा पाऊल ठेवायला जागा नसते. तुम्ही साध्या दिवशी दुपारी जाऊन तास-दोन तास नुसत्या बसून या. तेवढा वेळ यजमानांजवळ बसण्याविषयी दिराला किंवा शेजारणीला हक्काने सांगा. मदत मागणे हाही शरण जाण्याचाच भाग आहे, असे मी मानते, कारण देव माणसांच्या हातून करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आता एक गोष्ट आजपासून करून पाहा. उजव्या अंगाबरोबर वाचा जाते तेव्हा मनातले वाक्य जुळवणे अवघड होते. तरीही अशा काही रुग्णांना लहानपणापासून तोंडपाठ असलेली आरती किंवा गाणे चालीवर म्हणता येते. दिवा लावल्यावर यजमानांजवळ बसा आणि त्यांच्या नेहमीच्या आरतीची पहिली ओळ सावकाश, टाळी वाजवत म्हणा. पुढचा शब्द त्यांनी घ्यावा म्हणून थोडे थांबा. नाही आला, तर तुम्ही म्हणून पुढे जा. प्रत्येकाला हे जमतेच असे नाही, म्हणून त्यांची परीक्षा घेतल्यासारखे करू नका. शब्द उमटू लागले, तर वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञांना जरूर सांगा. त्यांना त्याचा उपयोग करून घेता येतो.

आणि तुमची झोप? तिच्याविषयी तुम्ही एक अक्षरही लिहिलेले नाही, म्हणून विचारते. रात्र रात्र डोळा लागत नसेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर 14416 या ‘टेली मानस’ क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येते. फिजिओथेरपी सुरू झाली की मला कळवा. भगताच्या बाबतीत घरातून दबाव आला, तर हे उत्तर थोरल्या दिरांना वाचायला द्या.