वाचकांचे प्रश्न : एमबीए प्रवेशाची शक्यता कशी जोखावी?

प्रश्न : मी सहा वर्षे अभियंता म्हणून काम करीत आहे. पदवीचे गुण मध्यम असून जीमॅट या प्रवेश परीक्षेत ६४५ मिळाले. मला हव्या असलेल्या संस्थेच्या २०२२ च्या माहितीपत्रकात सरासरी ७०० दिली आहे. अर्ज करणे व्यर्थ ठरेल का?

उत्तर : मुळात ही तुलनाच योग्य नाही. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या जीमॅटची गुणश्रेणी २०५ ते ८०५ अशी आहे आणि पर्सेंटाइलच्या हिशेबाने आपले ६४५ गुण जुन्या ७०० च्या जवळपास भरतात. शिवाय सरासरी म्हणजे किमान अट नव्हे. प्रवेश मिळालेल्यांपैकी अनेक जण तिच्याखालीच असतात. पदवीच्या गुणांविषयीची शंका जीमॅटच्या गणिती विभागातील चांगल्या कामगिरीने बरीचशी फिटते.

मला अधिक काळजी वाटते ती आपण ज्याचा उल्लेखही केलेला नाही त्या गोष्टीची. अभियंत्यांचे अर्ज विपुल असतात, त्यामुळे या सहा वर्षांत आपली जबाबदारी कशी वाढत गेली, आपल्या निर्णयाने नेमके काय बदलले आणि शिफारसपत्र देणारे वरिष्ठ ते उदाहरणांसह सांगू शकतील का, यावर बरेच काही ठरेल. हे लिहिता येत असेल, तर अर्ज अवश्य करावा. मात्र त्या एकाच संस्थेवर विसंबू नये.