ताऱ्याचा वाकलेला प्रकाश: पहिला प्रश्न सोडवताना

मधल्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या ताऱ्याचा प्रकाशकिरण किती वाकतो, हे पहिल्यांदाच काढत असाल, तर सूत्राकडे वळण्यापूर्वी निरीक्षक, मधले वस्तुमान आणि मागचा तारा यांची आकृती काढा, आणि प्रत्यक्षात अतिसूक्ष्म असलेले कोन तिच्यात मुद्दाम मोठे दाखवा, कारण पुढचे समीकरण त्या भूमितीतूनच निघते. मग फक्त इतके सांभाळा:

- न्यूटनच्या यांत्रिकीने येणारे विचलन (किरण वाकण्याचा कोन) आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताने येणाऱ्या विचलनाच्या निम्मे असते. प्रश्नाला कोणते अपेक्षित आहे, ते आधी वाचा.
- सूत्रात वस्तुमानाच्या केंद्रापासून किरणाचे लंबांतर घालायचे असते. ते मधल्या वस्तुमानाच्या त्रिज्येइतके असते, ते केवळ किरण त्याच्या कडेला घासून जातो तेव्हाच.
- उत्तर रेडियनमध्ये येते. एक रेडियन म्हणजे सुमारे २,०६,२६५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). सूर्याच्या कडेसाठी १.७५ विकला आल्या, तर आकडेमोड बरोबर आहे.

फिरती कृष्णविवरे तूर्त बाजूलाच ठेवा.